अनुभव धागा : लाटा, वारा आणि पाण्यात उतरण्याआधीची सकाळ

कर्वेनगरची_मावशी

काल रात्री भाचीने हवामानाच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला. नाताळच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर श्रीलंकेला निघाली आहे, वेलीगामाला सर्फिंग शिकायला. खाली प्रश्न: "मावशी, लाट ३ ते ४ फूट, १३ सेकंद. वारा सकाळी ईशान्येचा ताशी ९ किलोमीटर, दुपारी नैऋत्येचा १९. उतरू ना पाण्यात?"

मी त्याच उपसागरात शिकले, त्यामुळे झोप उडाली आणि सगळं आठवत बसले. आमच्या शिक्षकाने पहिला अर्धा तास बोर्डाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. वाळूत बसवलं आणि म्हणाला, नुसतं बघा. लाट कुठे फुटते, कुठे फुटत नाही, फेस कुठून परत जातो, मासेमारीच्या होड्या कुठल्या बाजूने बाहेर पडतात. हळूहळू दिसायला लागलं की लाटा सारख्या अंतराने येत नाहीत. चार-पाच मोठ्या येतात, मग समुद्र जरा गप्प होतो, मग पुन्हा घोळका. लाटांपलीकडे जायचं ते त्या गप्प वेळात.

वेलीगामाचा उपसागर चांगला रुंद, दक्षिणेकडे तोंड केलेला, तळाला बहुतेक वाळू. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे ईशान्येचा वारा असतो, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. हा वारा लाटेला समोरून अडवतो, ती उशिरा फुटते आणि तिचं तोंड गुळगुळीत राहतं. दुपारी वारा फिरला की तेच पाणी चुरगळून जातं, आणि नवशिक्याला लाट कुठली आणि नुसती खळबळ कुठली हे कळेनासं होतं. भाचीला लिहिलं, उंचीचं फार मनावर घेऊ नकोस, वारा कधी फिरतोय ते बघ. सकाळी सातच्या आत पाण्यात अस, दहाला बाहेर ये.

तुमचेही अनुभव लिहा. कोकण, गोवा, मुळकी, कुठलाही किनारा चालेल. सर्फिंगच हवं असं नाही, समुद्र बघून ठरवलेलं काहीही.

मालवणी_धायरी

मतलई वारा तो! पहाटे जमिनीकडून, दुपारनंतर खारा वारा उलटा. आमच्याकडे रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी माणसं घराच्या पडवीतूनच सांगतात आज पाणी कसं असेल. भरतीचा हिशेब तर तोंडी. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास आणि उधाणाची. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, गुणाकार त्याचाच. आजोबांनी शिकवलेलं, पुण्यात राहूनही कॅलेंडरवर आधी तिथीच बघतो.

डिसेंबरात गावी चाललोय. कोण येतंय?

शनवारातली

सुरमई मिळणार असेल तर मी येतेय. समुद्र लांबूनच बघेन.

दोनवेळचाचहा

उंची कळली, वारा कळला. पण १३ सेकंद कशाचे?

पाषाण_रोड

@दोनवेळचाचहा, एक लाट गेल्यापासून तिच्या मागची येईपर्यंतचा वेळ. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि लोक नेमका हाच सोडतात.

५-६ सेकंद असेल तर ते जवळच्याच वाऱ्याने उठवलेलं पाणी. १२ च्या वर गेलं की ती स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून लांबून आलेली लाट. हिंदी महासागरात दक्षिणेला ४० अक्षांशाच्या खाली बाराही महिने वादळी वारे असतात. तिथे उठलेली स्वेल पाच-सहा दिवस प्रवास करून श्रीलंकेला टेकते. तोवर बारीकसारीक लाटा मागे पडून विरून जातात आणि लांब, शिस्तीत येणाऱ्या तेवढ्या उरतात.

खोल समुद्रात लाटेची लांबी काढायची तर सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६, उत्तर मीटरमध्ये. ६ सेकंदाची लाट ५६ मीटर लांब. १३ सेकंदाची २६० मीटरच्या वर. इतकी लांब लाट उथळ पाण्यात आली की अंग वर काढते. म्हणून मावशी, तुमच्याशी जरा असहमत. १३ सेकंद असतील तर ४ फूट हा आकडा हलका नाही. भाचीला उपसागराच्या आडोशाच्या बाजूला राहू दे, आणि कमरेएवढ्या पाण्यात फुटून आलेल्या फेसाळ लाटांवरच शिकू दे.

कर्वेनगरची_मावशी

@पाषाण_रोड, अगदी मान्य. तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा तिला पाठवलाय. ती इंजिनिअर आहे, वर्ग-बिर्ग बघून खूश होईल.

घाटउतार

कर्नाटकात मुळकीला आमच्या ट्रेनरने सोडण टाकलं होतं पाण्यात. नारळाचं सोडण हो, साधं. शांभवी नदी जिथे समुद्राला मिळते तिथून थोडं अलीकडे. म्हणाला, कुठे जाईल सांगा. आम्ही सगळे म्हणालो किनाऱ्याला येईल, लाटा येतायत ना इकडे. ते सोडण थोडं आडवं सरकलं आणि मग सरळ समुद्रात निघालं, बघता बघता ठिपका झालं. डावीकडे दहा पावलांवर फेस किनाऱ्याला येतोय आणि हे मधल्या पट्ट्यातून बाहेर चाललंय.

तो पट्टा दिसायला सगळ्यात शांत होता. लाट फुटत नव्हती, पाणी सपाट, थोडं गढूळ. नवीन माणूस हमखास तिथेच उतरणार. लाटांनी आत ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं, ती वाट म्हणजे तो पट्टा, रिप करंट. सापडलात तर त्याच्याशी झुंजायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही. किनाऱ्याला समांतर आडवं जायचं, फेस दिसेल तिथून आत यायचं. दमलात तर बोर्डावर पडून एक हात वर.

तेव्हापासून मी कुठल्याही बीचवर गेलो की आधी काहीतरी तरंगणारं टाकून बघतो. बायको म्हणते कचरा करू नकोस. म्हणून सोडणच. :)

एक_आई_बिबवेवाडी

वरचं वाचून हात थरथरले. मुलगा आठवीत असताना एका कॅम्पबरोबर कोकणात पाठवला होता. संध्याकाळी, ओहोटी लागलेली, लाल झेंडा लावलेला, तरी मुलांना छातीभर पाण्यात नेलं. गावातल्या दोघांनी ओरडून बाहेर काढलं म्हणून सगळी सुखरूप परत आली. मला हे मुलाने दोन वर्षांनी सांगितलं. आयोजकांना फोन केला तर म्हणे किरकोळ गोष्ट आहे. ती किरकोळ नव्हती.

पालकांनो, कॅम्पला पाठवताना जेवणाखाण्याचं विचारता तसं हेही विचारा: पाण्यात किती वाजता नेणार, ओहोटी कधी आहे, जीवरक्षक कोण.

शनवारातली

@एक_आई_बिबवेवाडी, बाप रे. मुलगा बरा आहे ना आता? पाण्याची भीती नाही ना बसली?

एक_आई_बिबवेवाडी

नाही हो, उलट टिळक टँकवर पोहायला शिकला त्यानंतर. आता तोच बाकीच्यांना शिकवतो.

शिवाजीनगर_क्वार्टर

समुद्र नाही, पण वारा आमच्या घरातला. वडील शिमला ऑफिसात होते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे ते दिल्लीला गेलं तरी चौकाचं नाव आजही शिमला ऑफिस चौक. ते नकाशावर पेन्सिलीने समदाब रेषा काढायचे. कधी जुने रद्द झालेले नकाशे घरी यायचे, आम्ही वह्यांना कव्हर घालायचो. माझ्या भूगोलाच्या वहीवर अरबी समुद्र होता आणि त्यात गोल गोल रेषा. वडील बोट ठेवून सांगायचे, रेषा जवळ जवळ आल्या की वारा जोराचा, लांब गेल्या की पडलेला.

निवृत्तीनंतर दिवेआगरला जायचं ठरलं, ताम्हिणीतून, गाडी सांगून झालेली. त्यांनी मोबाइलवर रेषा बघितल्या आणि म्हणाले दोन दिवस थांबू. कोणाला पटलं नव्हतं. ज्या दिवशी जाणार होतो त्या दिवशी तिकडच्या ओळखीच्या काकांनी फोन केला, वाळू डोळ्यात जातेय, अंगणात बसवत नाहीये. दोन दिवसांनी गेलो तर पाणी निवांत. वडील पायाच्या घोट्यापर्यंत भिजून तासभर उभे होते. तो फोटो हॉलमध्ये आहे.

कर्वेनगरची_मावशी

@शिवाजीनगर_क्वार्टर, किती सुंदर लिहिलंत. वहीचं कव्हर अजून आहे का?

शिवाजीनगर_क्वार्टर

नाही हो. घर बदलताना गेलं. आईने बरंच जपलं होतं.

खडकवासला_लाइन

आमच्याकडे थोरला एनडीएत आहे, खडकवासल्याच्या पाण्यात पीकॉक बेला शिडाची होडी चालवतो. धाकटी सुट्टीत गोव्याला सर्फिंगला जाते. त्याला वारा हवा, हिला वारा नको. रविवारी त्याचा फोन आला की "मस्त वारा होता", आणि हिचा आला की "वारा पडला, मजा आली". मी दोघांना छान छान म्हणते.

कुकर झाला, येते नंतर.

दोनवेळचाचहा

@खडकवासला_लाइन, तुमच्या घरी हवामान खातं कायम बरोबरच ठरत असणार!

ईसीआर_ते_एफसी_रोड

चेन्नईला नोकरीत असताना कोवलमला शिकले. केरळचं नाही, चेन्नईच्या खालचं. पुण्यातून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: पूर्व किनाऱ्यावर दिशा उलट्या. आपल्याकडे पूर्वेचा वारा म्हणजे जमिनीवरचा, तिकडे पश्चिमेचा. ॲपवर नुसतं ९ किलोमीटर वाचून उपयोग नाही, बाण कुठून कुठे आहे ते किनाऱ्याच्या नकाशावर ठेवून बघायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे ईशान्य मोसमी पावसाची गडबड असते, शिकायला तो काळ मी कोणाला सुचवणार नाही.

आणि त्या बाणाचं अजून एक. वाऱ्याचा बाण आणि स्वेलचा बाण वेगळे असतात! मी बरेच दिवस एकच समजत असलेले लोक बघितलेत. वारा इथला, आत्ताचा. स्वेल लांबची, काही दिवसांपूर्वीची.

पाषाण_रोड

@ईसीआर_ते_एफसी_रोड, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. याचंच टोकाचं रूप म्हणजे केरळात ज्याला कल्लक्कडल म्हणतात ते. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि समुद्र अचानक चढतो, कारण दक्षिणेत दूर कुठेतरी झालेल्या वादळाची लांब स्वेल आत्ता पोचलेली असते. २०२४ च्या मे महिन्यात केरळ आणि दक्षिण तमिळनाडूला असाच इशारा होता आणि कन्याकुमारी जिल्ह्यात तरुण मुलं लाटेने ओढून नेली. फार वाईट वाटलं होतं. इशारा हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राने, आधी दिलेला होता, पण बीचवर फिरायला आलेल्याला तो माहीत असतोच असं नाही.

म्हणून भारतातल्या कुठल्याही किनाऱ्यावर जाताना इन्कॉइसचा उंच लाटांचा आणि स्वेलचा इशारा बघा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. इशारा असेल त्या दिवशी वाळूत बसून भेळ खा.

शनवारातली

भेळ कोकणात? तिथे सोलकढी.

मालवणी_धायरी

@शनवारातली, बरोब्बर.

आणि जून-जुलैत सर्फिंगचे व्हिडिओ बघून आपल्या किनाऱ्यावर उतरू नका रे कोणी. १ जून ते ३१ जुलै आमची यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. जन्म पाण्यात गेलेली माणसं होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय आमचे काका पाण्याला पाय लावत नाहीत.

दोनवेळचाचहा

मग नवशिक्याने आपल्याकडे कधी जावं? मला आता खरंच शिकावंसं वाटायला लागलंय. वय ४६, वजन ८२, पोहता येतं.

घाटउतार

@दोनवेळचाचहा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. गोव्यात मांद्रे-अश्वेच्या बाजूला हिवाळ्यात लाटा लहान असतात. सकाळी पाणी काचेसारखं, दीड-दोन फूट लाट, तळाला वाळू. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो, तेव्हा सकाळचंच बुकिंग घ्या, "सर, दुपारचा स्लॉट स्वस्त आहे" म्हणाले तरी.

लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत फुटते. दोन फुटी लाट अडीच फूट पाण्यात. म्हणजे ती जिथे फुटते तिथे तुम्ही उभे राहू शकता. एवढं कळलं की अर्धी भीती जाते.

दोनवेळचाचहा

वा! हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. बोर्ड कुठला मागू?

ईसीआर_ते_एफसी_रोड

९ फुटी सॉफ्टटॉप, म्हणजे वरून मऊ फोमचा. लहान दिला तर बदलून मागा, ८२ किलोला ७ फुटी देऊन पाठवणारे आहेत. लीशचं, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीचं वेल्क्रो ओढून बघा, मागच्या पायाला बांधा. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट टीशर्ट) घाला, नाहीतर पोट आणि बरगड्या सोलून निघतात. आणि जायच्या आधी महिनाभर घरी चटईवर पॉप-अप, म्हणजे बोर्डावर उभं राहायचा सराव करा. पालथं पडायचं, तळवे बरगड्यांशी, एका झटक्यात दोन्ही पाय खाली. गुडघा टेकवायची सवय लागू देऊ नका, ती नंतर सुटत नाही.

खडकवासला_लाइन

आले परत. धाकटी म्हणते उन्हासाठी झिंकचं क्रीम लावा नाकाला आणि कानाच्या वर. कानाचं सगळे विसरतात म्हणे.

शनवारातली

@मालवणी_धायरी, खरंच विचारतेय, डिसेंबरात कधी? आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना तारकर्लीची वाळू बघायची आहे.

मालवणी_धायरी

@शनवारातली, या की! सासूबाईंना नक्की आणा. व्यक्तिगत निरोप केलाय. गगनबावड्यावरून येणार असाल तर निघण्याआधी करूळ घाट चालू आहे का ते विचारून घ्या, नाहीतर भुईबावड्याने उतरा. जेवायला किती जण ते आदल्या दिवशी कळवा, मासे पहाटेच घ्यावे लागतात.

दोनवेळचाचहा

जागा असेल तर मला पण धरा. चटई आणतो.