पहाटे दोनला दोन सर्व्हरची घड्याळे ४७ सेकंद पुढे जातात: कारण कसे शोधावे?

प्रश्न
नमस्कार. आमच्याकडे सहा लिनक्स व्हर्च्युअल मशीन असून सगळ्यांवर क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम चालू आहे. त्यांपैकी दोन मशीनची घड्याळे पहाटे दोनच्या सुमारास एकदम ४७ सेकंद पुढे जातात आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप ठिकाणावर येतात. तेवढ्या वेळात या मशीननी दिलेली लॉगिन टोकन इतर सर्व्हर ‘अद्याप वैध झालेले नाही’ असे म्हणून नाकारतात. वेळजुळणीसाठी लागणारा यूडीपी १२३ पोर्ट खुला आहे आणि सकाळी पाहिले तर दोन्ही टाइम सर्व्हरपुढे ‘रीच’ ३७७ दिसतो. त्यांपैकी एक आमचा डोमेन कंट्रोलर (कार्यालयातील लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आहे, तर दुसरा सार्वजनिक. दोष नेटवर्कमध्ये शोधावा की क्रोनीत?

उत्तर १
माझ्या मते दोन्हींत नाही. ‘रीच’ अष्टमान पद्धतीत लिहिलेला असतो आणि ३७७ याचा अर्थ शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले, असा होतो. शिवाय घड्याळ मागेपुढे सरकणे वेगळे आणि उडी मारणे वेगळे: सर्व्हरमधला स्फटिक दिवसाकाठी फार तर काही सेकंदांनी चुकतो, तो एका क्षणात ४७ सेकंद पुढे जात नाही. म्हणजे कोणीतरी बाहेरून वेळ लिहीत आहे.

दोन वाजता बॅकअप असतो का, ते आधी पाहावे. स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घेताना मशीन क्षणभर थांबते आणि पुन्हा सुरू होताना गेस्ट टूल्स (मशीनच्या आत बसवलेली सहायक साधने) होस्टची, म्हणजे मशीन ज्यावर चालते त्या मूळ संगणकाची, वेळ आत लिहू शकतात. नियमित सिंक बंद केले असले तरी काही प्लॅटफॉर्मवर ही जुळणी चालूच राहते, कारण तिची सेटिंग निराळी असते. होस्टचेच घड्याळ पुढे असेल, तर चूक तिथून येते. क्रोनीच्या लॉगमध्ये त्या वेळी ‘फॉरवर्ड टाइम जंप डिटेक्टेड’ अशी ओळ सापडली, तर शंका उरणार नाही. नंतरची दहा मिनिटेही यात बसतात, कारण ‘मेकस्टेप १.० ३’ या प्रचलित सेटिंगमुळे क्रोनी सुरुवातीच्या तीन अपडेटपुरतेच घड्याळ थेट बदलते आणि पुढे कितीही फरक पडला तरी ते हळूहळू ओढून आणते.

प्रश्नकर्ता
ती ओळ सापडली. दोन्ही मशीन एकाच होस्टवर आहेत आणि त्या होस्टवरची एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची) सेवा बंद पडलेली होती. ती सुरू केली आहे आणि गेस्ट टूल्समधील सर्व प्रकारची वेळजुळणी बंद केली आहे.

उत्तर २
होस्टचे ठीक झाले, पण दोनच टाइम सर्व्हर ठेवणे मला अधिक धोक्याचे वाटते. दोघांत मतभेद झाला तर खरा कोण हे क्रोनीला ठरवता येत नाही आणि ‘नो मेजॉरिटी’ असे नोंदवून ते जुळणीच थांबवते. निदान तीन असावेत. चार असतील तर एक बंद पडला तरी बहुमत उरते. नामांकित सर्व्हरही चुकतो: १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे दोन टाइम सर्व्हर काही काळ २००० साल सांगत होते आणि त्यांच्यावरच विसंबलेल्या अनेक यंत्रणांची घड्याळे बारा वर्षे मागे गेली.

सर्व्हर भारतात असतील, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जोडलेली असावी लागते. त्यांच्यासोबत गूगलचा सार्वजनिक टाइम सर्व्हर मिसळू नये, कारण लीप सेकंद (अधूनमधून जागतिक वेळेत वाढवला जाणारा जादा सेकंद) आला की तो सर्व्हर तो एक सेकंद २४ तासांवर पसरवतो आणि तेवढा दिवस इतरांशी जुळत नाही. डोमेन कंट्रोलर स्वतः व्हर्च्युअल मशीन असेल, तर त्याच्याही गेस्ट टूल्सची सेटिंग तपासावी. तो ज्या होस्टवर चालतो त्याच होस्टला वेळ देत असेल, तर दोघे एकमेकांची चूक खरी मानत राहतील.