पहिल्या १० मिनिटांवर निकाल नको

आर्माफ कंपनीचा क्लब द नुई इंटेन्स मॅन हा परफ्यूम म्हणजे क्रीड कंपनीच्या अव्हेंटस या महागड्या परफ्यूमची लिंबू सरबतासारखी नक्कल, असं एकाने लिहिलंय. सुरुवातीचा लिंबू बोचरा आहे, हे मान्य. २०१० साली आलेल्या अव्हेंटसमधला अननस कसा रसाळ, मोकळा लागतो, ते इथे नाही. पण अर्ध्या तासात लिंबू ओसरतो, बर्च या झाडाचा धुरकट वास वर येतो आणि तिथून दोन्ही खूपच जवळ येतात. टिकतो तर आर्माफच जास्त. सकाळी शर्टावर मारलेला संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या गर्दीतही जाणवतो. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र दोनच फवारे, तेही कपड्यांवर. किमतीत कित्येक पटींचा फरक आहे, त्यामुळे रोज ऑफिसला मी आर्माफच लावेन. आणि दुकानातल्या कागदी पट्टीवर ठरवू नका, मनगटावर मारून तासभर फिरून या.