अक्कलदाढ काढली, तिसऱ्या दिवशी ठणका वाढला, खड्ड्यात पांढरं दिसतंय

चांदणी_२१: खालची अक्कलदाढ आडवी होती, हिरडी कापून काढली. टाके आहेत. आज तिसरा दिवस. दुखणं कमी होत आलं होतं, पण काल रात्रीपासून कानापर्यंत ठणकतंय. आरशात बघितलं तर खड्ड्यात पांढरट-पिवळट काहीतरी आहे. पू असेल का? कापसाने पुसून काढू? घरात अँटिबायोटिकच्या जुन्या गोळ्या उरल्यात, त्या सुरू केल्या तर चालेल का? तोंडही जेमतेम दोन बोटं उघडतंय.

बत्तिशी: पुसू नका. काडी, कापूस, ब्रश, काहीच आत घालू नका. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. एक-दोन दिवसांत तिच्यावर पांढरट थर येतो, तो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा. त्याखाली नवी हिरडी तयार होत असते आणि बरेच लोक तोच थर पू समजून खरवडून काढतात. पू असेल तर सहसा हिरडी दाबल्यावर बाहेर येतो, सोबत ताप असू शकतो आणि सूज उतरायच्या वेळी उलट वाढत जाते. (नुसती सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढलेली असणं नेहमीचंच. ४८ ते ७२ तासांत ती सर्वांत जास्त असते.)

मला पांढऱ्या रंगापेक्षा तुमच्या ठणक्याची काळजी वाटते. दुखणं रोज थोडंथोडं कमी व्हायला हवं. कमी होऊन पुन्हा उसळलं, कानाकडे किंवा कानशिलाकडे जायला लागलं, गोळीने दबेना आणि तोंडाला घाण वास यायला लागला, तर बहुतेक वेळा ते ड्राय सॉकेट असतं. म्हणजे गुठळी निसटली किंवा विरघळली आणि आतलं हाड उघडं पडलं. खालच्या अक्कलदाढेला हे सर्वांत जास्त होतं. सिगारेट हे मोठं कारण, गर्भनिरोधक गोळ्यांनीही शक्यता वाढते. पण काहीही न चुकता होणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

आजच डेंटिस्टला फोन करा. ते सलाइनने खड्डा धुतात, युजेनॉलचं (लवंगतेलातला मुख्य घटक) ड्रेसिंग ठेवतात, आणि पुष्कळदा तासाभरात फरक पडतो. एक-दोन दिवसांनी ड्रेसिंग बदलायला जावं लागू शकतं.

गोळीवाला: उरलेल्या अँटिबायोटिकला हात लावू नका. ड्राय सॉकेट हा जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे त्या गोळीने ठणका थांबत नाही. अर्धवट उरलेला कोर्स तर कशालाच पुरत नाही.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन्ही एकत्र घेतलं की एकेकट्यापेक्षा चांगला उतार पडतो. पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नको, सर्दीच्या गोळीतलंही त्यात धरा. आयबुप्रोफेन ४०० ची गोळी दिवसातून तीनदाच, पोटात काहीतरी असताना. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, गोळ्यांनी बळावणारा दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आधी चिठ्ठी बघा: डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक लिहून दिलं असेल तर वर आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, एकाच जातीची दोन औषधं होतात.

चांदणी_२१: चिठ्ठीवर एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र आहे, म्हणजे वेगळं काही घेत नाही. संध्याकाळची वेळ मिळाली आहे. तोवर मिठाच्या गुळण्या आणि लवंगतेल चालेल?

बत्तिशी: मिठाचं पाणी चालेल, पण खळखळून गुळण्या नकोत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, घोट तोंडात घेऊन मान हळू इकडून तिकडे कलवा आणि तोंड उघडून पाणी बेसिनमध्ये पडू द्या. पचकन थुंकायचं नाही. जेवणानंतर आणि झोपताना पुरे. पहिल्या २४ तासांत मात्र हेही करायचं नसतं.

लवंगतेल नको. नुसतं तेल ओतलं तर हिरडी भाजते, आणि उघड्या हाडाला ते आणखी त्रास देतं. ड्रेसिंगमध्ये युजेनॉल ठरावीक प्रमाणात असतं.

बर्फ पहिल्या दिवसापुरता. आता बाहेरून कोमट शेक १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. तोंड न उघडण्याचं कारण चावण्याच्या स्नायूंचा आखडलेपणा आहे, सहसा एक-दोन आठवड्यांत सुटतो.

मधलं_बोट: वरच्या उत्तरांत राहिलेलं: गिळायला त्रास, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज, श्वास अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर संध्याकाळची वाट न बघता थेट रुग्णालय. आणि खालचा ओठ किंवा हनुवटी अजून बधिर असेल तर ते आज आवर्जून सांगा. भूल काही तासांत उतरते. तिसऱ्या दिवशी बधिरपणा म्हणजे नसेला धक्का बसल्याची शक्यता, आणि कुठून कुठपर्यंत बधिर आहे हे लवकर नोंदवलेलं बरं.

चांदणी_२१: ओठ ठीक आहे. ताप नाही, गिळता येतंय. ड्रेसिंग घालायचं असेल तर टाके काढावे लागतात का?

बत्तिशी: टाका आड येत असेल तर एखादा काढतात. विरघळणारे असतील तर तसेही एक-दोन आठवड्यांत गळून जातात.