एकच मॅन्युअल, ११ संस्था: वर्ड सोडून कुठे जावं?

तळटीप: मंडळी, आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. मूळ माल एकच, पण प्रत्येकीला स्वतःचं नाव नि लोगो हवा. कुणाकडे लॉकर आहे, कुणाकडे पिग्मी नाही. वर्डमध्ये मॅन्युअलच्या ११ फायली. मुदत ठेवीचा एक स्क्रीन बदलला की ११ ठिकाणी हात घाला. परवा एका संस्थेच्या छापील प्रतीत दुसरीचंच नाव गेलं. पुढे काय ऐकलं ते विचारू नका. लिहिणारे दोघे: मी आणि सपोर्टमधली सहकारी, तिला कोडिंग येत नाही. डॉकबुक, डिटा, आस्कीडॉक (मजकुरात खुणा घालून लिहायच्या पद्धती), यातलं काय घेऊ? पीडीएफ मराठीत लागते.

चकलीचा_सोऱ्या: डिटा मूळचं आयबीएमचं, २००५ पासून ओएसिस या मानक-संस्थेचं मानक. एकेक विषय सुटा लिहायचा आणि कुणाला काय दिसावं ते वेगळ्या गाळणी-फाइलीत सांगायचं. तुमच्या दुखण्यावर अचूक औषध. पण दोघांसाठी म्हणजे घरच्या आमटीला लग्नातलं पातेलं.

जुनंखोड: डॉकबुक १९९१ पासूनचं, तरी पोस्टग्रेस डेटाबेसचं मॅन्युअल आजही त्यातच आहे. परिच्छेदाला अट लावता येते, चोख काम करतं. पण टॅग उघडा, टॅग मिटा. तुमच्या सहकारी आठवड्यात वर्डवर परततील. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनीही २०२१ मध्ये डॉकबुक सोडून आस्कीडॉक धरलं. तेच घ्या. प्रत्येक संस्थेची एक छोटी फाइल: नाव, लोगो, कोणती मॉड्यूल. मजकूर एकदाच, लॉकरचं प्रकरण इफडेफ (अट सुरू) आणि एंडिफ (अट संपली) या खुणांच्या मध्ये. उद्या गरज पडली तर त्यातूनच डॉकबुकही काढता येतं.

एक मात्र इंग्रजी ट्युटोरियलवाले सांगणार नाहीत. नावाच्या जागी चल (व्हेरिएबल) ठेवून पुढे 'च्या' चिकटवलात तर 'पतसंस्थाच्या', 'मंडळच्या' असं छापून येईल. आपल्याकडे सामान्यरूप आडवं येतं. म्हणून दोन चल ठेवा: एकात 'पतसंस्था', दुसऱ्यात 'पतसंस्थे'. आणि अट पूर्ण परिच्छेदाला लावा, वाक्याच्या पोटात नको. नाहीतर क्रियापदाचं लिंग-वचन सांभाळता सांभाळता वेड लागेल.

ऱ्हस्वदीर्घ: पीडीएफसाठी आस्कीडॉकचं आस्कीडॉक्टर-पीडीएफ हे साधन नको! त्याखालच्या प्रॉन या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला देवनागरीची जुळणी जमत नाही. जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला बसते. एचटीएमएल काढून क्रोममधून छापा.

तळटीप: मुदत ठेवीचं प्रकरण करून पाहिलं. सहकारी तासाभरात लिहायला लागली! फक्त पिग्मीच्या भागाखालचं एंडिफ राहिलं, आणि पिग्मी नसलेल्या संस्थेच्या प्रतीत त्यापुढचं सगळं गायब. आता प्रत्येक प्रतीची पानं मोजतो. स्क्रीनशॉटचं काय करता? त्यातही लोगो दिसतो.

जुनंखोड: संस्थेगणिक चित्रांचं फोल्डर वेगळं, फाइलींची नावं तीच. फोल्डरचा पत्ता त्या छोट्या फाइलीत. पण आधी लोगो कापून टाकता येतो का ते बघा, निम्मी चित्रं वाचतील.