गंभीर पॅनक्रियाटायटिसमध्ये इन्फेक्शन टाळायला मलप्रत्यारोपण: करावं की नको?

जुना_रेसिडेंट
पॅनक्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आलेला, सिरियस पेशंट पहिल्या आठवड्यातून तरला की पुढची भीती इन्फेक्शनची. स्वादुपिंडाचा मेलेला भाग बहुतेक वेळा पेशंटच्याच आतड्यातल्या जंतूंनी सडतो: ई. कोलाय, क्लेबसिएला, एन्टरोकॉकस. आधीपासून अँटिबायोटिक देऊन हे टळत नाही, त्यामुळे तसं देऊ नका असंच गाइडलाइन सांगतात. मग आता कल्पना निघाली आहे, की निरोगी दात्याची विष्ठा गाळून नळीवाटे आतड्यात सोडायची. चांगले जंतू रुजले की वाईट हटतील.

माझं मत: आज हे करू नये, चाचणी म्हणूनसुद्धा.

कारण नेदरलँड्स. 15 रुग्णालयांतल्या सुमारे 300 पेशंटना नाकातून लहान आतड्यात घातलेल्या नळीवाटे प्रोबायोटिक (फायद्याचे म्हणून दिले जाणारे जिवंत जंतू) किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) दिलं गेलं. 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. इन्फेक्शन जवळपास सारखंच, 30 टक्के आणि 28 टक्के. मृत्यू मात्र प्रोबायोटिक गटात 16 टक्के, प्लासिबोत 6. प्रोबायोटिकवाल्या नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, त्यातले आठ गेले. दुसऱ्या गटात असा एकही नाही. 'निरुपद्रवी' म्हणून दिलेल्या गोष्टीचा हा हिशेब. आणि इथे तर अख्खी विष्ठा द्यायची म्हणतात.

रात्रपाळी
दादा, दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यावं हे मान्य. तुम्ही तर ताकच ओतून द्या म्हणताय.

त्या चाचणीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या सहा जाती होत्या, बहुतेक लॅक्टोबॅसिलस-बिफिडो घराण्यातल्या. दात्याच्या विष्ठेतला जंतुसमाज वेगळाच. शिवाय त्यांनी दिलं कधी? आजाराच्या अगदी सुरुवातीला, आतड्याला रक्त पुरत नसताना, थेट लहान आतड्यात, वर फायबरवालं फीड चालू. प्रोबायोटिक गटात सुरुवातीलाच अवयव निकामी झालेले पेशंट जास्त होते, यावरही तेव्हा बराच वाद झाला.

दुसरं, वेळ. डच आकडेवारीत रक्तातलं इन्फेक्शन आणि न्यूमोनिया पहिल्या आठवड्याच्या आसपास येतात, मेलेल्या भागाचं इन्फेक्शन मात्र साधारण 26 व्या दिवशी. म्हणजे मध्ये दोन-अडीच आठवडे मोकळे मिळतात. शॉक ओसरलाय, पेशंट स्थिर आहे, तेव्हा मोठ्या आतड्यातून द्या.

सूक्ष्मदर्शी
मी मायक्रोबायोलॉजीत. दोघांनीही दात्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

2019 मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन पेशंटना ईएसबीएलवाला (बरीच अँटिबायोटिक निकामी करणारं एन्झाइम बनवणारा) ई. कोलाय गेला. दोघांचीही प्रतिकारशक्ती खालावलेली होती. त्यातला एक दगावला. त्या दात्याची या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती. त्यानंतर तिथल्या औषध नियामक एफडीएने ती सक्तीची केली. आपल्याकडे रस्त्यावरून धडधाकट माणूस धरून आणला तरी त्याच्या आतड्यात ईएसबीएल सापडणं नवलाचं नाही. कार्बापेनेमला (राखीव ठेवलेली जोरकस अँटिबायोटिक) दाद न देणारे जंतूही बघावे लागतात. तपासणी कडक केली तर दाते गळतात, सैल ठेवली तर क्लेबसिएला हटवायला गेलो आणि स्वतःच्या हाताने पेरून आलो असं व्हायचं. विरोध नाही माझा, पण पुण्या-मुंबईत हे करायचं तर दात्यांच्या बँकेपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्याचा खर्च कुणी काढतच नाही.

शंकेखोर
डॉक्टर नाही, पण सी. डिफिसिलमध्ये (अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणारा जंतू) हेच चमत्कार करतं असं वाचलंय. मग इथे का नाही?

जुना_रेसिडेंट
@शंकेखोर, तिथे खरंच करतं. 2013 ची डच चाचणी: वारंवार उलटणाऱ्या सी. डिफिसिलमध्ये पहिल्याच डोसला 16 पैकी 13 बरे, नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर 13 पैकी 4. पण तिथे शत्रू एक, जागा एक, आणि पित्तरसाची आम्लं पूर्ववत झाली की तो जंतू तग धरत नाही. इथे आतडं सुजलेलं, पोटातला दाब चढलेला, जंतू भिंत ओलांडून जातायत. भिंत गळत असताना आत काय सोडता याला महत्त्व आहे.

@रात्रपाळी, तुमच्या मोकळ्या आठवड्यांत पेशंटला मेरोपेनेम (बहुतेक जंतू मारणारं कार्बापेनेम) चालू नसतं का? नियम काहीही असो, आपल्या आयसीयूत ताप आला की ते सुरू होतं. मग दात्याचे जंतू जगणार कसे? आणि विष्ठा देऊन पाहिलेलीच नाही असंही नाही. चीनमध्ये नानचांगला पॅनक्रियाटायटिसच्या 60 पेशंटची रँडमाइज्ड (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडलेली) चाचणी झाली, छापूनही आली. इन्फेक्शन कमी झालं नाही. आतड्याची भिंत सुधारण्याऐवजी बिघडत असावी अशी चिन्हं मात्र दिसली.

रात्रपाळी
मेरोपेनेमचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण प्रत्येक तापाला मेरोपेनेम ही आपली सवय आहे, प्रत्यारोपणाचा दोष नव्हे.

नानचांगची चाचणी मीही वाचली. प्रत्येक गटात 30 माणसं. एवढ्यावर 'उपयोग नाही' सिद्ध होत नाही, 'उपयोग आहे' तर नाहीच. मग आणखी चाचणी नको हा निष्कर्ष कसा निघतो? उंदरांवरच्या कामात ब्युटिरेट (आतड्यातले चांगले जंतू बनवतात ते, भिंतीला पोसणारं आम्ल) दिल्यावर मृत्यू घटलेत. आयसीयूत नेमके ब्युटिरेट बनवणारेच जंतू आधी नाहीसे होतात. धागा अगदीच हवेतला नाही.

सूक्ष्मदर्शी
मग ब्युटिरेटच द्या ना! त्याला दाता लागत नाही, ईएसबीएलची भीती नाही. विष्ठेच्या आधी त्याची चाचणी व्हावी, असं माझं म्हणणं.

जुना_रेसिडेंट
याला माझी हरकत नाही. विष्ठेबाबत अट एवढीच: शॉकची औषधं बंद होऊन काही दिवस झालेले, अँटिबायोटिक बंद, पोटातला दाब मोजलेला, आणि दर काही पेशंटनंतर बाहेरच्या समितीने मृत्यू मोजून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवायचं.

रात्रपाळी
वर म्हणालात 'चाचणी म्हणूनसुद्धा नको', आणि आता अटी लिहून दिल्यात. दाता मात्र तुम्ही शोधा.