मागचं डिफरन्शिअल: उघडून दुरुस्त करायचं की अख्खं बदलायचं?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. फोर बाय फोर गाडीचं मागचं डिफरन्शिअल (शाफ्टचं फिरणं मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) घुरघुरायला लागलं की जळगाव-धुळ्यापासून पार तळोद्यापर्यंत एकच काम होतं. हौसिंग (त्याचं बाहेरचं कवच) उघडायचं, दिसेल ते बेअरिंग छिन्नीने ठोकून काढायचं, नवं ठोकून बसवायचं, ऑईल भरायचं, गाडी बाहेर. थोड्याच दिवसांत आवाज परत येतो, आणि या वेळी क्राऊनचे (आतल्या मोठ्या गोल गिअरचे) दातही गेलेले असतात.

माझं मत असं आहे की ज्या गॅरेजात डायल गेज (बारीक फट मोजायचं घड्याळासारखं माप) नाही, प्रेस नाही आणि शिमचा (जागा जुळवायच्या पातळ चकत्यांचा) साठा नाही, तिथे क्राऊन-पिनियनला (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) हात लावू देऊ नये. फॅक्टरीत जुळवलेली पूर्ण असेंब्ली मागवून बसवावी.

क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधला बॅकलॅश, म्हणजे मोकळी फट, बहुतेक गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिमीच्या आसपास ठेवायचा असतो. वहीच्या दीड-दोन पानांची जाडी धरा. हाताने क्राऊन हलवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याला ०.१५ आणि ०.३५ मधला फरक कळत नाही. बॅकलॅश कमी राहिला तर दात तापून निळे पडतात, जास्त राहिला तर प्रत्येक गिअरला ठोका बसून दाताचं टोक उडतं. तो तुकडा तेलात फिरतो आणि उरलेलं सगळं खातो.

---

पांझरातीर

भाऊ, ठोकाठोकीबद्दल तुमचं खरं आहे, पण त्यावरचा तुमचा उपाय मला पटत नाही. धडधाकट असेंब्ली भंगारात जाते ती आवाज कुठून येतो हे न पाहता निर्णय घेतल्यामुळे.

आवाज आधी ओळखा. डांबरी रस्ता सोडून काँक्रीटवर आल्यावर आवाज बदलला तर टायर बघा. सरळ रस्त्यावर गाडी हलकीशी डावी-उजवी झुलवली आणि आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग. अॅक्सिलरेटर दिला की ओरडतं आणि सोडला की गप्प होतं, तर क्राऊन-पिनियनची बैठक. दिला तरी घरघर, सोडला तरी घरघर, तर बहुधा पिनियनचं बेअरिंग. फक्त वळणावर कटकट होत असेल तर आतले स्टार पिनियन (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर). गिअर टाकताना एकच "ठक" आला तर डिफला हात लावण्याआधी प्रॉपेलर शाफ्टचे (डिफला फिरवणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, बघा. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये, चाकांना दोन्हीकडून उटी (अडथळे), आणि क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (दुशाखी तोंडं) हातात धरून उलटसुलट फिरवा. ढिला क्रॉस डोळ्यांना दिसतो.

आपल्या पार्टटाइम (एरवी मागच्याच चाकांवर चालणाऱ्या) फोर बाय फोरला एक जास्तीची चाचणी करता येते. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, फोर हायमध्ये (पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टांना जोर देणाऱ्या स्थितीत) टाकून फक्त पुढच्या चाकांवर मोकळ्या मातीत थोडं अंतर चालवायची. आवाज गेला तर दोष मागच्या शाफ्टात किंवा डिफमध्ये. शाफ्ट दोन्हीकडे फ्लँजने (बोल्टच्या चकतीने) बसत असेल तरच करा; ट्रान्स्फर केसकडे (पुढच्या-मागच्या शाफ्टांना जोर वाटणाऱ्या डब्याकडे) स्लिप योक, म्हणजे आतबाहेर सरकणारं तोंड, असेल तर तिथलं ऑईल बाहेर येतं. काढण्याआधी फ्लँजवर खूण करा, शाफ्ट त्याच जागी परत बसला पाहिजे.

नुसतं पिनियन बेअरिंग गेलं असेल आणि दात स्वच्छ असतील, तर अख्खी असेंब्ली का बदलायची? जुनी शिम मायक्रोमीटरने मोजून तीच परत घाला, त्याच मेकचं त्याच नंबरचं बेअरिंग घ्या, क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपली जाणारी नळी) आणि पिनियन नट मात्र दर वेळी नवं. प्रीलोड (बेअरिंगवर आवळून ठेवलेला दाब) बघायला महागडं हत्यार लागत नाही. क्राऊन आणि ऑईल सील बसवण्याआधी फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढा. मॅन्युअल २ न्यूटन-मीटर सांगत असेल आणि दोरी केंद्रापासून ५ सेंमीवर असेल, तर काटा साधारण ४ किलो दाखवेल. वाचायचं ते फिरत असतानाचं वजन, सुरुवातीच्या झटक्याचं नाही. नट थोडं थोडं आवळा. क्रश स्लीव्ह एकदा जास्त दबली की नट मागे घेऊन चालत नाही, स्लीव्ह बदलावीच लागते.

---

सातपुडा_चढण

दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहिली, आणि फोर बाय फोरमध्ये तीच सगळ्यात मोठी: रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो ते. असेंब्ली बदला म्हणणं सोपं आहे. दुकानदार "याच मॉडेलची आहे" म्हणून टू व्हील ड्राइव्हची देतो, आणि तिचा रेशो पुढच्या अॅक्सलपेक्षा वेगळा निघतो.

हिशोब बघा. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर १०० मीटरमध्ये चाक साधारण ४५ वेळा फिरतं. पुढे ४.१० आणि मागे ४.३० असेल तर पुढचा शाफ्ट सुमारे १८६ फेरे घेणार, मागचा १९५. फोर हायमध्ये दोन्ही शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांना बांधलेले. ते ९ फेरे कुठे तरी घसरून निघाले पाहिजेत. गिरणेच्या वाळूत निघतात. तोरणमाळच्या घाटात कोरड्या डांबरावर किंवा धडगावकडच्या खडकावर निघत नाहीत. मग सगळा ताण ट्रान्स्फरच्या चेनवर, गिअरवर आणि क्रॉसवर येतो. लिव्हर फोर हायमधून बाहेर निघत नाही, ही त्याची पहिली खूण.

म्हणून विकत घेण्याआधी दात मोजा. क्राऊन ४१ आणि पिनियन १० म्हणजे ४.१०. ३७ आणि ९ म्हणजे ४.११, एवढा फरक चालतो. जुन्या विलिस धाटणीच्या जीपमध्ये ४३ आणि ८ मिळतात, म्हणजे ५.३८. गाडीवर बसलेल्या डिफचा रेशो न उघडताही काढता येतो. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर आणि उटीत, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूने खूण करून तो किती फिरला ते मोजा. चारपेक्षा थोडा जास्त फिरला तर ४.१ च्या आसपास. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं घसरू न देणारी यंत्रणा) नसलेल्या डिफलाच ही रीत लागू आहे.

माझं मत विचाराल तर मूळचं क्राऊन-पिनियन वाचत असेल तोवर वाचवावं, कारण ते पुढच्या अॅक्सलशी आधीच जुळलेलं आहे.

---

गिरणाकाठ

रेशोचं मान्य. पुढचे दात मोजल्याशिवाय मागचं मागवू नये, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पण पांझरातीर दादा, "जुनी शिम परत घाला" हे तुम्ही फार सहज लिहिलंत. ते जुनं क्राऊन-पिनियन राहणार असेल तेव्हाच खरं. नवा सेट टाकला की पिनियन क्राऊनच्या दिशेने किती आत बसतं ती खोली पुन्हा ठरवावी लागते. सेट कधी तोडायचा नाही, दोघांवर कोरलेला जोडीचा नंबर एकच हवा. खोली ठरवायची म्हणजे दातांवर मार्किंग कंपाऊंड किंवा तेलात कालवलेला शेंदूर लावून (त्यात शिसं असतं, हात धुवा) क्राऊनला लाकडाने अडथळा देत दोन्हीकडे फिरवायचं आणि ठसा (दात कुठे टेकले ती खूण) वाचायचा. दाताची फुगीर बाजू म्हणजे गाडी ओढताना ताण घेणारी. ठसा मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, डोक्यामागची शिम कमी करा. टोकाशी गेला तर शिम वाढवा. दर वेळी पिनियन बाहेर, बेअरिंग प्रेसने काढा, परत बसवा. चार-पाच वेळा तरी हे होतं. तालुक्याच्या गॅरेजात दुसऱ्या वेळेलाच "चालेल" म्हणतात. मला भीती आहे ती त्या "चालेल"ची.

---

तापीथडी

दुरुस्त करा की बदला, डिफ गेलं कशामुळे ते शोधलं नाही तर नवीनही जाईल.

रावेर-यावल पट्ट्यात मला दोन कारणं दिसतात. पहिलं पाणी. पावसाळ्यात फरशी पुलावरून गाडी घालतात. रस्त्यावर तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) मातीने बुजलेला असेल तर एक्सलच्या सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑईल दुधाच्या चहासारखं होतं. बुजलेला ब्रीदर उन्हाळ्यात उलटं करतो: जळगावच्या ४५ अंशांत आतला दाब वाढून सीलमधून ऑईल ब्रेक शूवर येतं, आणि माणूस सील बदलत बसतो. ब्रीदरला तेलात टिकणारा पाइप लावून बॉडीवर उंच न्या. त्याला फार खर्च येत नाही. पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी लेव्हल प्लग उघडून बोट घाला, रंग बदललेला असेल तर त्याच दिवशी ऑईल काढा. गंजाचा डाग पडलेलं बेअरिंग पुसून चालवता येत नाही.

दुसरं कारण काळी माती. केळीच्या बागेत एक चाक रुततं, दुसरं हवेत फिरतं. रुतलेलं चाक थांबलं की फिरणारं चाक दुप्पट वेगाने जातं. मीटर ४० दाखवत असेल तर ते चाक ८० ने फिरतंय. स्टार पिनियन त्यांच्या पिनवर एवढा वेळ आणि एवढ्या वेगात फिरायला बनवलेलेच नाहीत. तेलाचा थर तुटतो, पिन खरवडते, शेवटी चिकटते. अर्ध्या मिनिटात गाडी निघाली नाही तर पाय काढा, पऱ्हाट्या किंवा फळ्या घाला.

---

पांझरातीर

तापीथडी, लाख बोललात. स्टार पिनियन, साइड गिअर, पिन आणि थ्रस्ट वॉशर यांचं किट बहुतेक गाड्यांना वेगळं मिळतं. केज (हे गिअर ज्यात बसतात तो सांगाडा) चांगली असेल तर क्राऊन-पिनियनची बैठक न बिघडवता ते बदलता येतं. फक्त साइड बेअरिंगचे कप (बाहेरच्या कड्या) आणि शिम डावे-उजवे वेगळे बांधून ठेवा.

गिरणाकाठ भाऊ, आता मी कुठे थांबतो ते सांगतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असेल तर घाबरायचं कारण नाही. नखाला टोचतील अशा कपच्या असतील तर उघडा. उघडल्यावर बेअरिंगचा कप हौसिंगमध्ये हाताने फिरत असेल, तर तिथे पंचाने ठोके मारून किंवा पत्रा घालून बसवणाऱ्याला नाही म्हणा. ती जागा गेली, हौसिंग किंवा कॅरियर (क्राऊन-पिनियन धरून ठेवणारा भाग) बदलायचाच. केजला चीर असेल तरी तेच. एकाच बाजूचं सील पुन्हा पुन्हा गळत असेल आणि मागचा टायर एका कडेने झिजत असेल, तर हौसिंग वाकलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यात नवी असेंब्ली घातली तरी टिकणार नाही.

जिप्सीसारखा कॅरियर पुढून अख्खा निघत असेल तर तुमची अडचण अशीही सुटते: कॅरियर काढून डायल गेज असलेल्या माणसाकडे धुळ्याला किंवा नाशिकला पाठवा, बसवायचं काम गावात. डाना धाटणीच्या हौसिंगमध्ये ही सोय नाही, तिथे सगळं जुळवणं हौसिंगमध्येच होतं. अशा गाडीला तुमचं मत जास्त लागू पडतं.

---

सातपुडा_चढण

बसवल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही. नवा सेट असेल तर पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं बिनओझ्याची चालवा, पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा. पहिल्या ८०० किमीपर्यंत ट्रॉली ओढायची नाही, मग ऑईल बदला. ऑईल जीएल-५, ८०डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअल सांगेल ते; लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं वेगळं अॅडिटिव्ह. लिटर मोजत बसू नका, गाडी सपाट उभी करून लेव्हलच्या भोकाच्या काठापर्यंत भरा. आणि फक्त पिनियन सील बदलायचं असेल तर नट सोडण्याआधी नट, पिनियन आणि फ्लँज तिघांवर एका रेषेत खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा, आणि आवळताना त्याच खुणेवर या.