विम्यानं ॲलर्जीचं औषध यादीतून काढलं: 'चिठ्ठीशिवाय मिळतं' हे कारण पटतं का?

पहाटवारा

चार वर्षं मी रोज लिव्होसिट्रिझिनची एक गोळी आणि नाकात स्टिरॉइडचा स्प्रे घेते. गेल्या महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं, दोन्ही औषधं यादीतून वगळली. कारण एका ओळीचं: ही औषधं आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात.

मला हे कारण साफ चुकीचं वाटतं. चिठ्ठी लागते की नाही, हे औषध कितपत सुरक्षित आहे यावरून ठरतं. माझं नाक रात्रभर चोंदलेलं राहणार की नाही, आणि महिन्याच्या खर्चात ते औषध बसणार की नाही, याचा त्या निर्णयाशी काय संबंध? काल सुरक्षित ठरलं म्हणून आज गरज संपली, असं कसं?

ॲलर्जी म्हणजे चार शिंका, असं ज्यांना वाटतं त्यांनी महिनाभर तोंडानं श्वास घेत झोपून बघावं. शिवाय दमा असलेल्यांचं नाक बिघडलं की दमाही डोकं वर काढतो. मग त्या उपचाराचा खर्च तीच कंपनी देते! मला तरी यात बचत दिसत नाही.

पत्र आल्यावर मी रागानं दोन्ही औषधं बंद केली. तिसऱ्या दिवसापासून अंगभर अशी खाज सुटली की झोप गेली. एवढी ॲलर्जी असलेल्या माणसाचं औषध 'अनावश्यक' कसं?

रोखठोक

त्रास खरा आहे, पण मुद्द्याशी असहमत.

विमा असतो तो एका झटक्यात माणसाला मोडून टाकणाऱ्या खर्चासाठी. रोजच्या गोळीचा खर्च विम्यातून फिरवला तर त्यावर क्लेम तपासणाऱ्यांचा पगार चढतो आणि तो आपल्याच प्रीमियममधून जातो. सिट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या तिन्हींची मूळ पेटंटं कधीच संपली आहेत आणि कितीतरी कंपन्या त्या बनवतात. अनेकदा विम्यातून घेताना स्वतः भरावा लागणारा वाटा हा साध्या जेनेरिकच्या किमतीपेक्षा जास्त निघतो. किती जणांनी हा हिशेब खरंच करून पाहिलाय?

भांडायचं असेल तर महागड्या औषधांसाठी भांडा. गोळीसाठी ताकद घालवू नका.

सावली_क्ष

रोखठोक, यामागचा इतिहासही पाहा. ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळावीत ही मागणी अमेरिकेत कुणी केली होती? १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विमा कंपनीनं. नेमक्या याच तीन औषधांसाठी तिनं एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेकडे, अर्ज केला. औषध कंपन्यांचा विरोध होता. २००१ मध्ये सल्लागार समितीनं तिन्ही औषधं त्यासाठी सुरक्षित असल्याचं मत दिलं आणि २००२ च्या अखेरीस लोराटाडिन खुलं झालं. सिट्रिझिनला २००७ उजाडलं, फेक्सोफेनाडिनला २०११.

म्हणजे आधी स्वतःच मागायचं, आणि मिळालं की 'आता चिठ्ठी लागत नाही, आम्ही देणार नाही' म्हणायचं. याला रुग्णाचं हित म्हणायला मी तयार नाही.

रोखठोक

मागणी कुणी केली यापेक्षा परिणाम काय झाला ते बघूया. खुलं झाल्यावर स्पर्धा वाढली, आणि एका गोळीसाठी डॉक्टरांकडे फेरी मारायची गरज उरली नाही. ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांना हा फायदाच झाला. ते लोक या चर्चेत कुणाला आठवतच नाहीत.

पहाटवारा

हा मुद्दा मान्य. विमा नसलेल्यांचा विचार मी केला नव्हता. पण एकाचा फायदा झाला म्हणून दुसऱ्याचं काढून घेणं योग्य ठरत नाही.

खलबत्ता

मी औषधाच्या काउंटरमागे बरीच वर्षं उभा आहे. वाद चालू द्या, पण आधी पहाटवारांच्या खाजेबद्दल. ती ॲलर्जी वाढल्यामुळेच असेल असं धरून चालू नका. सिट्रिझिन किंवा लिव्होसिट्रिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम थांबवलं तर क्वचित काही जणांना तीव्र खाज सुटते. एफडीएनं मे २०२५ मध्ये तशी सूचनाच दिली आहे. बहुतेकांना थांबवल्यानंतर काही दिवसांतच हे होतं. डॉक्टरांना विचारून गोळी परत सुरू करा, आणि पुढे बंद करायचीच झाली तर हळूहळू. विम्यानं औषध काढलं म्हणून एका रात्रीत सोडलं, असं करणारे बरेच जण मी पाहतो, म्हणून हे आधी.

आता खर्चाचं. खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव विसरा, खालचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. सिट्रिझिन म्हणजे दोन आरशातल्या प्रतिमांसारख्या रेणूंचं मिश्रण, आणि काम करतो मुख्यतः त्यातला एकच. तो वेगळा काढला की लिव्होसिट्रिझिन. म्हणून एकाचे १० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याचे ५ मिलिग्रॅम साधारण सारखंच काम करतात. डेसलोराटाडिनचंही तसंच, लोराटाडिन पोटात गेल्यावर शरीर जे बनवतं तेच ते. नव्या नावासाठी जास्त पैसे देण्याआधी डॉक्टरांना विचारा की जुनं चालेल का. बहुतेकांना चालतं.

एकाच गोळीत दोन औषधं असतात त्या जोडगोळ्यांपासून जरा सावध. अँटिहिस्टामाइनबरोबर (सिट्रिझिनसारखं ॲलर्जीचं औषध) नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असेल तर ते रक्तदाब वाढवू शकतं, झोपही उडवतं. काही जोडगोळ्यांत माँटेलुकास्ट हे दम्यावरही देतात ते औषध असतं, त्यावर एफडीएनं मार्च २०२० मध्ये मनःस्थितीवरच्या परिणामांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी, इतर औषधं लागू पडत नसतील तरच ते घ्यावं असं त्यात म्हटलंय. पुष्कळांना या जोडगोळीतलं अर्धं औषध लागतच नाही आणि पैसे मात्र दोन्हींचे जातात.

निद्रिस्त_नाक

स्वस्ताच्या नादात मी काय केलं ते सांगतो. क्लोरफेनिरामिन, ती जुनी गोळी, सगळ्यांत स्वस्त म्हणून सुरू केली. नाक थांबलं. पण दुपारी गाडी चालवताना डोळा लागला आणि गाडी कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही एवढंच नशीब. जुन्या पिढीच्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात, म्हणून गुंगी येते, आणि आपल्याला गुंगी आलीय हे आपल्यालाच नीट कळत नाही. 'स्वस्त पर्याय आहेतच की' असं रोखठोकसारखे लोक म्हणतात तेव्हा मला तो कठडा आठवतो.

रोखठोक

मी नव्या पिढीच्या जेनेरिकबद्दल लिहिलं होतं, गुंगीच्या गोळीबद्दल नाही. पण तुमचा अनुभव इथे यायलाच हवा होता. 'स्वस्त' शोधताना लोक आधी तिथेच जातात, हे खरं.

शेवंती

जेनेरिकचं कौतुक सगळे करताहेत, माझा अनुभव उलटा आहे. कंपनी बदलली की मला गुण येत नाही. वीस टक्के कमी औषध असलेली गोळीसुद्धा पास होते म्हणे.

खलबत्ता

शेवंतीताई, तुमचे वीस टक्के येतात ते जेनेरिकच्या चाचणीतल्या ८० ते १२५ टक्क्यांच्या मर्यादेतून, आणि तो आकडा गोळीत किती औषध आहे याचा नाही. रक्तात पोचणाऱ्या औषधाची मूळ औषधाशी तुलना करतात, आणि त्या तुलनेतल्या अनिश्चिततेचा सगळा पट्टा या मर्यादेत बसावा लागतो. प्रत्यक्षात सरासरी फरक त्याहून बराच लहान असतो. तरी तुमचं म्हणणं उडवून लावत नाही. गोळीतला रंग किंवा लॅक्टोज कंपनीगणिक बदलतं आणि एखाद्याला तेच सोसत नाही. एका कंपनीची चालली तर तीच धरून ठेवा. आणि फेक्सोफेनाडिन घेत असाल तर ते पाण्याबरोबरच घ्या. फळांच्या रसाबरोबर ते शरीरात कमी शोषलं जातं. 'जेनेरिक लागू पडत नाही' या तक्रारीत कधीकधी एवढंच निघतं.

पिलाची_आई

माझ्या मुलाला खाण्यातून तीव्र ॲलर्जी आहे. आमच्या विम्यानं गेल्या वर्षी ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे झटका आला की लगेच टोचायचं तयार इंजेक्शन, यादीतून काढलं. त्याला गोळीचा पर्याय नाही. घसा सुजून श्वास अडकायला लागला की अँटिहिस्टामाइन काही कामाचं नाही, ॲड्रेनलिनच लागतं, तेही काही मिनिटांत. पेनची मुदत साधारण दीड वर्षात संपते, न वापरता टाकून नवं घ्यायचं. एक घरी, एक शाळेत.

रोखठोक म्हणतात महागड्यासाठी भांडा. भांडले. पहिला अर्ज फेटाळला. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: आधी झालेल्या गंभीर प्रसंगांच्या तारखा, यादीतला दुसरा पर्याय मुलाच्या वजनाला का चालत नाही, आणि पेन नसेल तर काय होऊ शकतं. मंजूर झालं. 'रुग्णाला गरज आहे' एवढ्या मोघम वाक्यानं काही होत नाही. नकाराचं कारण लेखी मागा आणि त्याच कारणाला उत्तर द्या.

पण मधले अडीच महिने मुदत संपलेलं पेन दप्तरात घालून मी मुलाला शाळेत पाठवत होते. ज्यांना विम्याचे नियम रास्त वाटतात त्यांनी ते अडीच महिने हिशेबात धरावेत.

रोखठोक

धरतो. पेन वगळणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

सावली_क्ष

पहाटवारा, तुमच्या स्प्रेचं काय? मला तो खरा प्रश्न वाटतो. सतत चोंदणाऱ्या नाकाला गोळीपेक्षा स्टिरॉइडचा स्प्रेच जास्त उपयोगी, आणि महागही तोच. लोक तो सोडतात आणि नाक लगेच मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब घेतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते घेतले की नाक आणखी चोंदायला लागतं, मग थेंब सुटत नाहीत. माझी वहिनी दीड वर्ष त्यात अडकली होती.

पहाटवारा

काल डॉक्टरांशी बोलले. खाजेबद्दल त्यांनीही खलबत्ता म्हणाले तेच सांगितलं. गोळी परत सुरू केली आणि दोन दिवसांत खाज थांबली. म्हणजे 'एवढी ॲलर्जी' हा माझा पुरावा चुकीचा होता, तो मागे घेते.

गोळी मी साध्या सिट्रिझिनवर नेतेय, स्वतःच्या पैशानं. मला त्यानं थोडी पेंग येते, म्हणून रात्री घेणार. स्प्रे मात्र सोडणार नाही. स्प्रे सुरू होण्याआधीच्या वर्षात किती वेळा सायनसचा जंतुसंसर्ग झाला, किती प्रतिजैविकं घ्यावी लागली, ते सगळे कागद काढून बसले आहे. पिलाची_आई, तुमच्या डॉक्टरांनी ते प्रसंग तारीखवार लिहिले होते की फक्त एकूण आकडा दिला होता?

पिलाची_आई

तारीखवार. आणि प्रत्येकासोबत त्या दिवशीच्या केसपेपरची प्रत जोडली होती.